वाऱ्यावर उभी राहिलेली कंपनी: डाँग ते ऑर्स्टेड

कोळसेपाणी

मोठी ऊर्जा कंपनी खनिज इंधन सोडते म्हणजे प्रत्यक्षात काय काय करते, ही चर्चा दुसऱ्या एका धाग्यात भरकटली, म्हणून हा वेगळा धागा. उदाहरण एकच घेऊ, कारण बऱ्यापैकी शेवटापर्यंत गेलेलं मोठं उदाहरण तेवढंच आहे: डेन्मार्कची डाँग एनर्जी, आताची ऑर्स्टेड. बीपीने मोठ्या घोषणा केल्या आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेलाकडे तोंड वळवलं. तो विषय इथे नको.

आधी पूर्वपीठिका. १९७२ साली डेन्मार्क सरकारने नैसर्गिक वायूसाठी एक कंपनी काढली. वर्षभरात तिचं नाव ‘डान्स्क ओली ओ नातुरगास’ झालं, लघुरूप डाँग. (आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्याशी संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.) २००६ मध्ये पाच वीज कंपन्या तिच्यात विलीन झाल्या: एल्साम, एनर्गी ई२, नेसा आणि कोपनहेगन व फ्रेडरिक्सबर्ग या पालिकांचे वीज व्यवसाय. या विलीनीकरणात कोळशाची बरीच केंद्रं आली आणि त्यांच्याबरोबर, भाजीवाल्याने वर कोथिंबीर टाकावी तशा, समुद्रातल्या पवनचक्क्या आल्या. जगातलं पहिलं समुद्री पवनक्षेत्र विंडेबी (१९९१, ४५० किलोवॉटच्या ११ चक्क्या, एकूण जेमतेम ५ मेगावॉट) याच वारशातलं.

तेव्हा कंपनीची दिशा कोळशाचीच होती. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डजवळ लुबमिनला १६०० मेगावॉटचं कोळसा केंद्र बांधायचा बेत होता. स्थानिक विरोध वाढला, परवाने रखडले आणि २००९ च्या अखेरीस तो बेत गुंडाळला. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केलं की ८५ टक्के खनिज आणि १५ टक्के हरित हे प्रमाण एका पिढीत, म्हणजे २०४० पर्यंत, उलटं करू. प्रत्यक्षात २०१९ मध्येच ते उलटलं.

माझं म्हणणं असं की या बदलात पवनचक्कीपेक्षा ताळेबंद जास्त फिरला. कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च रोज होतो, बाजार पडला तर संच बंद ठेवून तो वाचवता येतो. समुद्रातल्या चक्कीत जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवसाआधीच झालेला असतो, पुढची २५ वर्षं फक्त व्याज आणि देखभाल. इंधनाची जोखीम जाते, व्याजाची येते. हे ज्या कंपनीच्या वित्त विभागाला कळलं नाही, तिने चक्क्या कितीही उभारल्या तरी ती गोत्यात येणार.

पहिलं ठोस पाऊल २००९ च्या मार्चमधलं: सीमेन्सकडे ३.६ मेगावॉटच्या ५०० पर्यंत चक्क्यांची एकरकमी मागणी, म्हणजे १८०० मेगावॉट. तोवर प्रत्येक पवनक्षेत्र म्हणजे नवा नमुना, नवी जहाजं, नव्या चुका. आता एकच यंत्र पुन्हा पुन्हा: लंडन ॲरेला १७५, आनहोल्टला १११, वॉल्नीला १०२. तेच बोल्ट, तेच सुटे भाग, उभारणीचा तोच क्रम. त्याच वर्षी चक्क्या उभारणारी ए२सी ही जहाज कंपनीही विकत घेतली, कारण जहाज वेळेवर न मिळणं हाच तेव्हाचा सगळ्यात मोठा अडथळा होता.

बाकी पैशाचं गणित हिशेबनीस यांनी सांगावं, त्यांचा प्रांत आहे.

---

हिशेबनीस

आमंत्रण स्वीकारलं.

डाँगकडे १८०० मेगावॉट बांधण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी जी पद्धत बसवली तिला आपण ‘अर्धलीने बांधणं’ म्हणू. समजा प्रकल्प १०० कोटींचा आहे. परवाने, सर्वेक्षण, वीजदराचा करार एवढं स्वतः करायचं. बांधकामाचा निर्णय झाला की किंवा बांधकाम चालू असताना ५० टक्के हिस्सा एखाद्या पेन्शन फंडाला विकायचा. बांधणार आपण, चालवणार आपण, वेळेत आणि ठरल्या खर्चात पूर्ण करण्याची बरीचशी हमीही आपली. फंडाला बांधकामाची डोकेदुखी नको असते, त्याला २० वर्षं ठरावीक उत्पन्न हवं असतं. त्यामुळे तो ५० च्या जागी ५० पेक्षा जास्त देतो. आलेला पैसा पुढच्या प्रकल्पात.

आनहोल्ट (४०० मेगावॉट) हे नमुनेदार उदाहरण. २०११ मध्ये पेन्शन डेन्मार्कने ३० टक्के आणि पीकेए या फंडाने २० टक्के घेतले. जर्मनीतल्या बोर्कुम रिफग्रुंड १ मध्ये अर्धा हिस्सा कुणी घेतला, तर लेगोची खेळणी काढणाऱ्या घराण्याच्या किर्कबी कंपनीने आणि कानाची यंत्रं बनवणाऱ्या ओटिकॉनमागच्या निधीने. २०१८ मध्ये इंग्लंडजवळच्या हॉर्नसी १ या पवनक्षेत्राचा अर्धा हिस्सा ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्सला गेला.

तरीही २०१२ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. अमेरिकेत शेल वायू (खडकातून काढलेला) आला, तिथे नको झालेला स्वस्त कोळसा युरोपात वाहिला, युरोपातली वायूची केंद्रं तोट्यात गेली. डाँगकडे वायूची केंद्रं होती, वायूचे दीर्घ मुदतीचे खरेदी करार होते आणि चक्क्यांसाठी काढलेलं कर्जही होतं. पतमानांकन घसरलं. हेन्रिक पोल्सन हे टेलिफोन कंपनीतून आलेले नवे प्रमुख. त्यांनी विक्रीला काढलेल्या वस्तूंची यादी मजेशीर आहे: ब्रिटनमधलं सेव्हर्नचं वायू केंद्र तर विकलंच, पण स्वीडनमधला जलविद्युत हिस्सा आणि डेन्मार्क व पोलंडमधल्या जमिनीवरच्या पवनचक्क्याही विकल्या. हरित व्हायला निघालेली कंपनी हरित वस्तूच विकते, हे त्या वेळी अनेकांना पटलं नाही. पण तर्क सरळ होता. जमिनीवर चक्की कुणीही उभारतो, समुद्रात मोजकेच. जिथे आपण इतरांपेक्षा पुढे आहोत तेवढंच ठेवायचं.

२०१४ च्या सुरुवातीला गोल्डमन सॅक्सने ८ अब्ज क्रोनरमध्ये सुमारे १८ टक्के हिस्सा घेतला. सरकारी कंपनी अमेरिकी बँकेला विकली म्हणून डेन्मार्कमध्ये एवढा गदारोळ झाला की एक घटक पक्ष सत्तेतून बाहेर पडला. २०१६ च्या जूनमध्ये २३५ क्रोनर दराने समभाग बाजारात आले, सरकारने ५० टक्क्यांहून किंचित जास्त हिस्सा राखला. २०१७ मध्ये तेल-वायू उत्खननाचा सगळा विभाग इनिऑस या रसायन कंपनीला विकला, १ अब्ज ५ कोटी डॉलर रोख आणि वर अटींवर अवलंबून आणखी काही. नावात तेल आणि वायू दोन्ही असलेल्या कंपनीकडे दोन्ही उरलं नाही, तेव्हा नाव बदललं. १८२० मध्ये विजेचा आणि चुंबकत्वाचा संबंध दाखवणारे हान्स क्रिस्तियान ऑर्स्टेड हे त्यांचेच.

---

शंकासूर

छान चाललंय, पण दोन्ही साहेब लाकडावर गप्प आहेत. ८५ टक्के ‘हरित’ मध्ये मोठा वाटा जाळलेल्या लाकडाचा आहे. कोळशाच्या जागी झाड जाळलं की धूर हिरवा होतो काय?

---

बॉयलरवाला

शंकासूरराव, धुराचं मागाहून बोलू. आधी कोळशाच्या बॉयलरमध्ये लाकूड घालणं हे वाटतं तितकं सोपं नाही, ते सांगतो.

आव्हेडोर १ आणि स्टुडस्ट्रुप ३ हे कंपनीचे डेन्मार्कमधले संच २०१६ मध्ये कोळशावरून लाकडाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, गेले. स्केअरबेक नंतर लाकडाच्या तुकड्यांवर. गोळ्यांचा संच जुनाच बॉयलर वापरतो. तुकड्यांना बहुधा नवा बॉयलर लागतो, कारण त्यात ओल ४०-५० टक्के असते.

हिशेब करून बघा. ३५० मेगावॉटचा संच, कार्यक्षमता ४० टक्के धरली तर भट्टीत ८७५ मेगावॉट उष्णता हवी. आयात कोळसा किलोला २५ मेगाज्यूल देतो, म्हणजे तासाला १२६ टन. गोळ्या १७ मेगाज्यूल देतात, म्हणजे तासाला १८५ टन. वर घनता कमी: कोळसा घनमीटरला साधारण ८५० किलो, गोळ्या ६५०. दिवसाला कोळसा सुमारे ३५५० घनमीटर लागत होता तिथे गोळ्या ६८५० घनमीटर लागतात. पट्टे, हॉपर, जहाजातून उतरवणी, सगळं जवळजवळ दुप्पट.

साठवण ही खरी गोची. कोळसा उघड्यावर पावसात पडला तरी चालतो. गोळीला पाणी लागलं की तिचा लगदा होतो. म्हणून बंद सायलो (उंच कोठारं), बंद पट्टे, आणि पाऊस आला की जहाजाचं झाकण बंद. शिवाय ताज्या गोळ्यांमधल्या चरबीयुक्त घटकांचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं, त्यातून उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. बंद सायलोत किंवा जहाजाच्या पोटात मोजमाप न करता उतरणं म्हणजे मरण. सायलोत तापमानाच्या तारा वेगवेगळ्या उंचीवर सोडाव्या लागतात, वायुमापक लावावे लागतात, आणि तापमान चढायला लागलं की माल फिरवायचा किंवा काढून जाळायचा.

आग लागलीच तर? पहिला मोह पाण्याचा. पाण्याने गोळ्या फुगतात, घट्ट बसतात, सायलोच्या भिंतीवर दाब येतो आणि खालून माल निघेनासा होतो. खालून नायट्रोजन सोडायचा, वरचं तोंड शक्य तितकं बंद ठेवायचं, मग हळूहळू रिकामं करायचं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्टुडस्ट्रुपच्या सायलोला आग लागली ती विझवण्याचं काम दीर्घकाळ चाललं.

गिरणी, म्हणजे कोल मिल. कोळसा पिठासारखा बारीक दळावा लागतो. गोळी फक्त फुटून तिचा मूळ भुसा मोकळा झाला की पुरे, एक मिलिमीटरचा कणही पेटतो. त्यामुळे तीच गिरणी थोड्या फेरफाराने चालते, पण आत सोडायच्या हवेचं तापमान बरंच खाली ठेवावं लागतं. लाकडात ज्वलनशील वायुरूप घटक ८० टक्क्यांच्या आसपास, दगडी कोळशात त्याच्या निम्म्याहून कमी. तीच गरम हवा दिली तर गिरणीतच पेट घेईल. धुळीचा स्फोट हा वेगळाच धोका: दाब सोडणाऱ्या पट्ट्या, ठिणगी ओळखणारे संवेदक आणि रोज झाडू. झाडू हसण्यावारी नेऊ नका. तुळयांवर साठलेली धूळ पहिल्या छोट्या स्फोटाने उडते आणि दुसरा मोठा स्फोट तीच करते.

राख अगदी कमी, एक टक्क्याच्या आसपास. ऐकायला छान, पण त्या राखेत पोटॅशियम जास्त. ते नळ्यांवर चिकटतं, गंज वाढवतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या उत्प्रेरकाची धार घालवतं. उपाय मोठा गमतीशीर: लाकडाच्या भट्टीत कोळशाची उडणारी राख मुद्दाम टाकतात. तिच्यातलं ॲल्युमिनियम-सिलिका पोटॅशियमला बांधून टाकतं. कोळसा बंद केला तरी त्याची राख विकत आणावी लागते!

आता हे सगळं परवडतं का? डेन्मार्कमध्ये ही केंद्रं वीज आणि शहराचं गरम पाणी दोन्ही देतात. कोळशातून काढलेल्या उष्णतेवर कर आहे, लाकडाच्या उष्णतेवर नाही. उष्णता विकत घेणाऱ्या पालिका-कंपन्यांनी ही करबचत डोळ्यांसमोर ठेवून रूपांतराच्या खर्चाला हात लावला. फक्त विजेच्या बाजारावर हा खर्च निघाला नसता.

---

शंकासूर

म्हणजे शेवटी कराचीच करामत. आणि धूर?

---

बॉयलरवाला

धुराड्यातून किलोवॉट-तासाला निघणारा कार्बन डायऑक्साइड लाकडाचा कोळशापेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच. फरक खतावणीत आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा कार्बन झाड तोडलं तिथे, म्हणजे जमीन-वन या खात्यात मोजतात. वीज केंद्राच्या खात्यात तो शून्य. जंगल वाढतंय तितकंच तोडलं आणि आधी वाया जाणारा भुसाच वापरला तर हे बरोबर. अख्खी खोडं गेली तर झाड परत वाढेपर्यंतची काही दशकं उधारीवर. कंपनी प्रमाणित लाकूड वापरते, पण प्रमाणपत्र ही उधारी मिटवत नाही.

तेव्हा कंपनीचा आकडा वाचताना (२००६ मध्ये युनिटमागे ४६२ ग्रॅम, २०१९ मध्ये ६५) त्यातला मोठा वाटा कोळसा कमी होण्याचा, आणि त्यातला काही भाग या खतावणीचा, हे ध्यानात ठेवायचं.

---

कोळसेपाणी

+१. कोळसा बंद करण्याचा शेवटचा टप्पाही सरळ झाला नाही, ते जोडतो. २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२३ पर्यंत कोळसा बंद. मग युक्रेन युद्ध आलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क सरकारनेच हुकूम काढला की एस्बियर्ग आणि स्टुडस्ट्रुप इथले कोळशाचे संच आणि क्युंडबीचा तेलाचा संच २०२४ च्या जूनअखेरपर्यंत चालू ठेवा. एस्बियर्गचं केंद्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये कायमचं थांबलं.

वायूचंही तसंच. गाझप्रॉमबरोबरचा जुना दीर्घ करार डाँगच्या काळातला. रूबलमध्ये पैसे द्यायला नकार दिल्यावर १ जून २०२२ पासून रशियाने पुरवठा तोडला. उत्खनन २०१७ मध्ये विकलं तरी खरेदीचे करार अंगावर होतेच. विहीर विकता येते, सही केलेला करार सहज विकता येत नाही.

एस्बियर्ग शहराला उष्णता कुठून, हा पुढचा प्रश्न. ती पालिकेच्या कंपनीने समुद्राच्या पाण्यावर चालणारे मोठे उष्णता पंप (कार्बन डायऑक्साइड हाच शीतक म्हणून वापरणारे, एकूण ७० मेगावॉट) आणि लाकडाच्या तुकड्यांचा बॉयलर लावून भागवली. कोळसा केंद्र बंद करायचं तर विजेपेक्षा शहराच्या रेडिएटरचा बंदोबस्त आधी करावा लागतो. आपल्याकडे ही अडचण नाही, हे आपलं नशीब.

---

दर्यावर्दी

समुद्रात काय काय बिघडतं यावर कुणी बोललं नाही, म्हणून चार गोष्टी.

एक. हॉर्न्स रेव्ह १, २००२, २ मेगावॉटच्या ८० चक्क्या. ट्रान्सफॉर्मर वर नसेलमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या खोक्यात. खारी हवा आणि यंत्रांतले दोष मिळून ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं जाऊ लागली. २००४ मध्ये ८० च्या ८० नसेल जहाजाने किनाऱ्यावर आणून दुरुस्त कराव्या लागल्या. जमिनीवर जे काम क्रेन दोन दिवसांत करते, त्याला इथे जहाज, हवामानाची खिडकी आणि पुन्हा जोडणी लागते. लाट दीड मीटरच्या आसपास गेली की लहान बोटीतून माणूस चक्कीच्या शिडीवर चढवत नाहीत, हे लक्षात घ्या. हिवाळ्यात असे दिवस बरेच.

दोन. समुद्रतळात ठोकलेला पोलादी नळ म्हणजे मोनोपाइल. त्यावर टोपीसारखा दुसरा नळ बसतो आणि दोन्हींच्या मधल्या फटीत उच्च शक्तीचं सिमेंट ओततात. २००९-१० च्या सुमारास उत्तर समुद्रातल्या अनेक ठिकाणी ही टोपी हळूहळू खाली सरकताना दिसली, कारण सरळ नळकांड्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सिमेंटची पकड वर्षानुवर्षांच्या डोलण्याने सुटते. पुढच्या आरेखनात नळ किंचित शंकूच्या आकाराचे केले किंवा आतून वेल्डिंगचे कडे दिले. जुन्यांना आतून कंस आणि रबराचे आधार बसवले.

तीन, मला सगळ्यात शिकवणारी वाटते ती. मोनोपाइलच्या पायाशी प्रवाह वाळू उकरतो, म्हणून भोवती दगड टाकतात. चक्क्यांना जोडणारी केबल त्या दगडांवरून जाते, वर प्लास्टिकचं संरक्षक कवच असतं. काही ठिकाणी केबल टाकल्यावर वरून दगडांचा दुसरा थर दिला नाही, पैसे वाचले. मोकळी राहिलेली केबल लाटांबरोबर दगडांवर घासत राहिली, कवच झिजलं, केबल तुटू लागल्या. २०२१ मध्ये ऑर्स्टेडने जाहीर केलं की १० पर्यंत पवनक्षेत्रांत हा दोष असू शकतो आणि खर्च ३ अब्ज क्रोनरपर्यंत जाईल. एकच आरेखन पुन्हा पुन्हा वापरण्याचा फायदा कोळसेपाणी यांनी वर सांगितला. त्याची दुसरी बाजू ही: चूकही तितक्याच ठिकाणी छापली जाते.

चार. ९ ऑगस्ट २०१९, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटं. इंग्लंडमध्ये एका वाहिनीवर वीज कोसळली. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं आणि लगेच सावरलं, रोजची घटना. पण हॉर्नसी १ च्या नियंत्रण प्रणालीत व्होल्टेज सावरण्याऐवजी झोके घेऊ लागलं, चक्क्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी माघार घेतली आणि उत्पादन ७९९ मेगावॉटवरून ६२ वर आलं. त्याच सुमारास लिटल बारफर्डचं वायू केंद्रही बंद पडलं. वारंवारिता ४८.८ हर्ट्झपर्यंत पडली, सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली. दुरुस्ती काय, तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. कंपनीने ४५ लाख पौंड स्वेच्छेने भरले.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हॉर्नसी किनाऱ्यापासून १२० किलोमीटर. एवढ्या लांब प्रत्यावर्ती प्रवाहाची केबल समुद्राखालून नेली की ती स्वतःच मोठा कपॅसिटर होते आणि तिच्या ताकदीचा मोठा भाग स्वतःला भारित करण्यात जातो. म्हणून वाटेत समुद्रातच एक भरपाई केंद्र उभारलंय, रिअॅक्टर (विजेची मोठी वेटोळी, अणुभट्टी नव्हे) बसवलेलं. लांब केबल आणि ग्रिडशी दुबळा जोडणीबिंदू, या जोडीत चक्क्यांचं नियंत्रण नीट जुळवलं नाही की झोके येतात. कोळशाच्या केंद्रात शेकडो टनांचा फिरणारा रोटर असले धक्के मुकाट्याने पचवतो. इथे तो नाही, जे करायचं ते संगणकाच्या आज्ञावलीने.

---

नर्मदा

दर्यावर्दी, तिसरा मुद्दा वाचून केबल घालणाऱ्याच्या जागी बसून घाम फुटला. मस्त प्रतिसाद.

हिशेबनीस यांना विचारायचं होतं: एवढं सगळं जमवलेली कंपनी अमेरिकेत कशी आपटली? आणि आपल्या एनटीपीसीला यातलं काय लागू पडतं?

---

हिशेबनीस

अमेरिकेचं आधी.

ब्रिटनमध्ये ‘फरकाचा करार’ असतो. शेतमालाच्या हमीभावासारखा, पण दोन्ही बाजूंनी: बाजारभाव ठरल्या दराखाली गेला तर फरक मिळतो, वर गेला तर परत द्यावा लागतो. आणि तो दर महागाईबरोबर वाढतो. २०१२ च्या किमतींत हॉर्नसी १ ला मेगावॉट-तासाला १४० पौंड मिळाले, हॉर्नसी २ ला ५७.५०, हॉर्नसी ३ ला ३७.३५. ही उतरण बघून सगळ्यांना वाटलं, हे असंच चालणार.

न्यू जर्सीच्या ओशन विंड १ चा (१,१०० मेगावॉट) करार २०१९ मधला. व्याज कमी असताना ठरलेला भाव, आणि तो प्रत्यक्ष महागाईशी बांधलेला नाही. पोलाद महागलं, जहाजाला उशीर झाला आणि व्याज चढलं. व्याजाने काय होतं ते स्वतः करून बघा: १०० कोटींचं कर्ज २५ समान वार्षिक हप्त्यांत. ४ टक्क्यांनी हप्ता ६.४० कोटी, ७ टक्क्यांनी ८.५८ कोटी. चक्की तीच, वारा तोच, हप्ता ३४ टक्के जास्त. कोळशाच्या केंद्राला व्याजवाढ इतकी लागत नाही, कारण तिथे खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा असतो.

२०२३ च्या अखेरीस ओशन विंड १ आणि २ सोडून दिले. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीच्या हिशेबात २८.४ अब्ज क्रोनर ताळेबंदातून पुसले. लाभांश थांबवला, २०३० चं ५० गीगावॉटचं लक्ष्य ३५ ते ३८ वर आणलं. २०२५ च्या मे मध्ये हॉर्नसी ४ थांबवलं, आणि ऑगस्टमध्ये रिव्होल्यूशन विंड ८० टक्के पूर्ण असताना अमेरिकी सरकारने काम थांबवण्याचा आदेश काढला. महिन्याभराने न्यायालयाने तो रोखला. या आदेशाच्या आधीच, ऑगस्टमध्येच, कंपनीला ६० अब्ज क्रोनरचं नवं भागभांडवल उभं करायचं जाहीर करावं लागलं होतं. मी वर सांगितलेली अर्धलीची पद्धत इथेच अडते: अर्धा हिस्सा घेणारा गिऱ्हाईक मिळाला नाही की अख्ख्या प्रकल्पाचा बोजा मालकाच्या डोक्यावर.

एनटीपीसीची गोष्ट वेगळी. डाँगचा कोळसा बाजारात हरत होता. एनटीपीसीच्या संचांना वीज खरेदी करारात स्थिर आकार मिळतो, संच उपलब्ध ठेवला की पैसे. त्यामुळे कोळसा सोडायची घाई बाजाराकडून येत नाही, आणि मागणीही वाढतेय. तिथे चाललंय ते जोडीला उभारणं: २०३२ पर्यंत ६० गीगावॉट अक्षय ऊर्जेचं लक्ष्य, त्यासाठी वेगळी कंपनी एनटीपीसी ग्रीन, तिचे समभाग २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १०८ रुपयांनी बाजारात, १०,००० कोटी उभे. डाँगने जुनं विकून नवं बांधलं, इथे जुनं ठेवून नव्यासाठी दुसरं घर. कर्ज देणाऱ्याला कोळसा नको असेल तर ही मांडणी सोयीची, पण हिला रूपांतर म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो.

---

बॉयलरवाला

नर्मदाताई, एनटीपीसी असो की चंद्रपूर, आपल्याकडच्या केंद्रांना डेन्मार्ककडून खरं घेण्यासारखं आहे ते लवचिकपणे चालवणं. दुपारी सौर वीज भरपूर आली की कोळशाचा संच खाली आणायचा, संध्याकाळी सातला झपाट्याने वर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे संच आधी ५५ टक्के आणि मग टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरवता आला पाहिजे. डॅनिश संच याच्याही बरेच खाली जातात.

अडतं कुठे ते सांगतो. कमी भारावर ज्योत डळमळते, आपल्या कोळशात राख ३५-४० टक्के असल्याने आणखी. म्हणून कमी गिरण्या, पण प्रत्येक पुरेशी भरलेली, आणि ज्योत पाहणारे संवेदक प्रत्येक बर्नरला वेगळे. तेल टाकून ज्योत टिकवली तर सगळा फायदा तेलात जातो. ड्रम आणि हेडर (बॉयलरमधली वाफ-पाण्याची पिंपं आणि मोठे नळ) जाड भिंतीचे, रोजच्या तापण्या-निवण्याने त्यांच्या सांध्यांना तडे जातात, तेव्हा तापमान बदलाचा मिनिटाचा वेग बांधून घ्यावा लागतो आणि तपासणी वारंवार. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाला किमान प्रवाह लागतो, त्याचा परतीचा व्हॉल्व्ह सारखा उघडून-मिटून झिजतो. टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांवर ओली वाफ आपटून कडा खातात. यातलं काहीही एका दिवसात कळत नाही, दोन-तीन वर्षांनी नळी फुटते तेव्हा कळतं.

---

नर्मदा

आणि लाकडाच्या गोळ्यांसारखं काही? विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातच जाळतात.

---

बॉयलरवाला

आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणात कोळशात ५ टक्के शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळायचं ठरलं. पण आधी गिरणी कुठली ते बघा. बाउल मिल असेल तर साध्या गोळ्या चालतात. बॉल अँड ट्यूब मिलमध्ये माल बराच वेळ गरम राहतो, तिथे साधी गोळी पेट घेईल. तिथे आधी भाजून काळ्या केलेल्या, म्हणजे टॉरिफाइड गोळ्याच हव्यात, आणि त्यातले वायुरूप घटकही मर्यादेत.

प्रमाण असं: ५०० मेगावॉटचा संच आपल्या कोळशावर युनिटला साधारण ७०० ग्रॅम धरला तर दिवसाला ८,४०० टन खातो. ५ टक्के म्हणजे ४२० टन गोळ्या, रोज. पऱ्हाटी वेचणीनंतरचे दोन-तीन महिनेच मिळते, रानातून उपटून, तुकडे करून, वाळवून. बाकीच्या नऊ महिन्यांचा साठा कुठे करायचा, तर झाकणाखाली, आणि वर सायलोबद्दल लिहिलेलं सगळं इथेही लागू. पऱ्हाटीबरोबर मातीही येते, तिने गोळ्या पाडणारी डाय (साचा) झिजते. उपटताना मुळाची माती तिथेच झटकून घेतली तर गोळी यंत्राचा निम्मा त्रास वाचतो.